मळसूत्र

बोल्ट गोल होतो तेव्हा मोठा आवाज होत नाही. पाना एकाएकी हलका होतो, हात पुढे निसटतो आणि बोटांच्या पेरांची सालपटे निघतात. क्षणभर वाटते, सुटला एकदाचा! मग टॉर्चच्या उजेडात पाहावे, तर बोल्ट होता तिथेच असतो. त्याच्या षट्कोनी डोक्याचे कोपरे तेवढे गेलेले असतात. आता पान्याने धरावे असे त्याच्यापाशी काही उरलेले नसते.

एका रविवारी सकाळी हा अनुभव आम्हा दोघांना आला. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. हत्यारांशी आमचा संबंध खडू-फळ्यापलीकडे फारसा गेलेला नाही. गाडी १९९९ सालची मारुती ८००, अप्पांची. अप्पा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर गाडीची बारीकसारीक कामे ते स्वतः करीत. २०१३ साली ते गेले आणि गाडी आमच्याकडे आली. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करीत आम्ही ती सांभाळली. तिच्यात आमची भावना किती आणि सवय किती, हे वेगळे करून सांगता यायचे नाही.

इंजिन तापत होते. दोष थर्मोस्टॅटचा असावा, असे निदान झाले. ही एक साधी झडप. तिच्या पोटात मेणाची कुपी असते. पाणी ८०-९० अंशांच्या आसपास तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे वाहू लागते. झडपेवर ॲल्युमिनियमचे टोपण, टोपणाला दोन बोल्ट. तासाभराचे काम, असे आम्ही धरून चाललो.

पहिला बोल्ट निमूट निघाला. दुसरा हलेना. आम्ही आधी दुतोंडी उघडा पाना लावला. तो डोक्याला दोनच कोपऱ्यांशी खऱ्या अर्थाने धरतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. कोपरे दबल्यावर रिंग पाना घेतला. त्याच्या आत बारा खाचा असतात आणि त्यांचा जोरही कोपऱ्यांच्या जवळच पडतो. आधीच दबलेल्या डोक्यावर त्या घसरतात. मग रॉकेल ओतले, पाच मिनिटे थांबलो (पाच मिनिटे म्हणजे आम्हांला पुष्कळ वाटली) आणि पुन्हा जोर लावला. एकाने टॉर्च धरली होती, दुसरीने पाना. निसटल्यावर दोघांनीही एकमेकांना दोष दिला. असो.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाचे मिस्त्री आले. त्यांनी बोल्टाला हात लावला नाही. फडक्याने पुसला, तारेच्या ब्रशने घासला, वाकून पाहिला आणि विचारले, "सर, किती वेळा फिरवलात?"

"चार-पाच वेळा," आम्ही आकडा निम्म्यावर आणून सांगितला.

"आता राहू द्या. ताकद लावून झाली, आता वेळ लावायचा."

बोल्ट पोलादाचा, टोपण ॲल्युमिनियमचे. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल शिरली, की विजेचा एक सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. आमचे रत्नागिरी समुद्राकाठी. ओल खारी, त्यामुळे झीज अधिक. झिजेतून पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि बोल्टाभोवतीची फट ठासून भरते. मिस्त्रींनी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे नेमके, बेताचे ठोके दिले. ठोक्यांनी त्या भुकटीत बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. मग त्यांनी झिरपणारे तेल सोडले आणि ते घरी गेले. रात्रभर काहीही करायचे नव्हते. आम्हांला ते फार जड गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी १२ मिलिमीटरच्या त्या गोल झालेल्या डोक्यावर ११ मिलिमीटरची सहा कोपऱ्यांची गोटी हातोडीने ठोकून बसवली. सहा कोपऱ्यांची गोटी डोक्याच्या सपाट बाजूंना धरते. पेट्रोलची नळी हातभर अंतरावर, म्हणून ज्वाला वर्ज्य. त्यांनी गरम हवेचे यंत्र टोपणावर धरले. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे भोक किंचित सैल होते. आणि मग आम्ही थक्क झालो: त्यांनी बोल्ट आधी आवळण्याच्या दिशेने केसभर हलवला. एक कोरडा 'कट्' आवाज आला. मग उलट पाव फेरा, पुन्हा मागे, थोडे तेल, पुन्हा पाव फेरा.

मध्येच तुटला असता तर? "मग मधोमध पंच मारून भोक पाडायचे, उलट्या आट्यांचा काढणी-स्क्रू आत घालायचा," मिस्त्री म्हणाले. "तोही आत मोडला, तर ड्रिल त्याला कापत नाही. मग भाग बदला."

बोल्ट तुटला नाही. बाहेर आला तो पांढऱ्या भुकटीने माखलेला, आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत वेटोळी अडकलेली. मिस्त्रींनी तो उजेडात धरला. मानेपाशी तो बारीक झाला होता, ओढलेल्या चिकीसारखा.

"गंजाचे सोडा. हा फार आवळलेला आहे," ते म्हणाले. "पान्याला पाइप लावून. आतले आटे तेव्हाच ओढले गेलेत."

आठ मिलिमीटर जाडीच्या अशा बोल्टाला २०-२५ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला दहा-अकरा किलोचा जोर. तो जोर हातालाच समजतो.

पाइप म्हणताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. अप्पांच्या हत्यारांच्या पिशवीत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला हातभर लोखंडी पाइप होता. अकरा-बारा वर्षे आम्ही तो अडगळ समजून इकडून तिकडे हलवत आलो होतो. अप्पांच्या हातांना २००९ पासून कंप होता. चहाचा कप ते अर्धाच भरून घेत. २०११ च्या पावसाळ्याआधी त्यांनी थर्मोस्टॅट बदलला होता, एकट्याने. आम्ही त्या सुट्टीत शोधनिबंध आणि उत्तरपत्रिका यांत होतो. त्यांनी टॉर्च धरायला हाक मारली होती काय? दोघांनाही आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बोचते.

हाताला आता जोर कळत नाही. बोल्ट बसला की नाही, याची खात्री वाटत नाही. म्हणून पाइप लावायचा आणि खात्रीसाठी आणखी एक फेरा द्यायचा. एवढी ताकद त्या बोल्टात होती ती भीतीची होती, आणि आम्ही तिच्यावर अधीरपणाची ताकद चालवली.

आटा, पीळ, फेरा हे शब्द आम्ही रोज वापरतो. मळसूत्र हा जुना शब्द मात्र आता कोशातच भेटतो. सूत्र म्हणजे धागा. तो धरून मागे मागे जावे लागते. वर्गात आम्ही तरी हे किती पाळतो? एखादी मुलगी उत्तर देत नाही, आम्ही तोच प्रश्न चढ्या आवाजात पाचव्यांदा विचारतो, आणि मग ती प्रत्येक गोष्टीला "हो मॅडम", "हो सर" म्हणू लागते. सुटली, असे आम्हांला वाटते. तिला कोणी काय म्हणून आवळून ठेवले असेल, हा प्रश्न तासिकेत बसत नाही.

मिस्त्रींनी भोक थोडे मोठे करून नवे आटे पाडले, त्यांत पोलादी तारेचे वेटोळे बसवले आणि नवा बोल्ट आमच्या हाती दिला. "तुम्हीच लावा. आधी बोटांनी, मग पान्याने. बसला की हाताला समजेल."

आम्ही पाळीपाळीने फिरवला. बसला तेव्हा दोघांनाही समजले. मग पाने पुसून पिशवीत ठेवले. पाइपही धोतराच्या त्याच तुकड्यात गुंडाळून त्यांच्याबरोबर ठेवला.