कळतं, पण वळत नाही

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी म्हणजे सगळा आनंदच! पण आजीच्या तोंडची एक म्हण डोक्यात पक्की बसली आहे : कळतं, पण वळत नाही. सकाळी आठच्या लेक्चरच्या बाबतीत ती आपल्या अख्ख्या हॉस्टेलला लागू पडते. पण मित्रांनो, काही माणसांसाठी हा विनोद नसून आजार असतो आणि कायद्याचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

क्लेप्टोमेनियाचंच घ्या. कुणी पेन ढापलं की आपण त्याला 'क्लेप्टो' म्हणून मोकळे होतो. खरा आजार मात्र दुर्मिळ आहे. माणूस गरज नसलेली, फारशी किंमतही नसलेली वस्तू उचलतो. त्याआधी मनावरचा ताण वाढत जातो, वस्तू उचलली की सुटल्यासारखं वाटतं आणि मागाहून लाज खाते.

आमच्या विंगमध्ये असा एकजण होता. घरचं बरं चाललेलं. त्याच्या कपाटात सापडलं काय, तर अकरा चमचे, साबणाच्या डब्या आणि दुसऱ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या! पोरं मारायला धावली. तो एवढंच म्हणाला, "चूक आहे हे कळतं रे, पण हात थांबत नाही." आजाराचं नाव नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मला प्रश्न पडला, हेच वाक्य तो कोर्टात बोलला असता तर?

तर ते त्याच्यावरच उलटलं असतं! १८६० च्या दंड संहितेचं कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२ सांगतं : कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे समजण्याची क्षमताच नसेल, तरच तो गुन्हा नाही. याचं मूळ १८४३ च्या लंडनमध्ये आहे. डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली आणि तो वेडाच्या कारणावरून सुटला. गदारोळ झाला, तेव्हा न्यायाधीशांनी ही कसोटी घालून दिली. सगळा भर 'कळण्या'वर. आपल्या भाषेत सांगायचं तर कायदा सेन्सर तपासतो, ब्रेक नाही.

याला कारणही आहे. ब्रेक फेल झाला की दाबलाच नाही, हे बाहेरून कसं ओळखणार? उद्या प्रत्येक चोर हेच सांगेल. अमेरिकेत रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडणारा हिंकली १९८२ मध्ये निर्दोष ठरला. लोक इतके खवळले की १९८४ मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्यातून 'स्वतःला आवरता आलं नाही' हा बचावच काढून टाकला.

म्हणून दोष ठरवताना कायदा कडक असावा, हे मला पटतं. पण शिक्षा ठरवताना तरी ब्रेक बघायला नको का? तशी वाट आपल्याकडे आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आरोपीला सोडू शकतं आणि गुन्हा पुन्हा घडू नये म्हणून योग्य त्या अटी घालू शकतं. उपचार ही अशीच एक अट का असू नये? ब्रेक फेल झालेल्या गाडीला नुसता दंड ठोकून ब्रेक लागत नाही, ती गॅरेजलाच न्यावी लागते.

कोर्ट तर फार लांबची गोष्ट झाली. हॉस्टेलमध्ये असं काही सापडलं, तर आपले चमचे जरूर परत घ्या, रेक्टर सरांनाही सांगा. फक्त हात उगारण्याआधी त्याला डॉक्टरकडे कोण घेऊन जाणार, तेवढं ठरवा.