फिरते घर, भरलेला मुलूख

प्रवासाचा बेत आखताना बहुतेक माणसे कोठे जावयाचे ते आधी ठरवितात. आगगाडीने वा बसने जाणाऱ्यास तेवढे पुरते. परंतु जो फिरते घर घेऊन निघतो, त्याला कोठे थांबावयाचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. आणि जावयाचा मुलूख केरळासारखा माणसांनी काठोकाठ भरलेला असेल, तर त्या एका प्रश्नापुढे बाकीचे सारे प्रश्न किरकोळ ठरतात. गेले चार महिने आम्ही बेळगावात बसून हाच प्रश्न सोडवीत आहोत.

फिरते घर म्हणजे कॅरव्हान. बसच्या सांगाड्यावर बसविलेली एक खोलीच म्हणा ना! निजण्याची जागा, पाण्याची टाकी, लहानशी ओट्याची सोय आणि शौचकूप, इतके सारे तीत सामावलेले असते. अमेरिकेत अशा गाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे हिंडतात. आपल्याकडे केरळ सरकारने २०२१ साली अशा प्रवासासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि २०२२ साली इडुक्की जिल्ह्यातील वागमण येथे पहिला कॅरव्हान तळ सुरू झाला. हे वाचून आमच्या मनाने उचल घेतली. हौस म्हणून नव्हे; कारण निराळे होते.

आमच्या मातोश्रींचे वय ब्याऐंशी. तिरुवनंतपुरमच्या अनंतशयनाचे दर्शन घ्यावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. पण गेल्या अकरा वर्षांत त्या तालुक्याबाहेर पडलेल्या नाहीत. अगदी जवळच्या लग्नाला जावयाचे झाले तरी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. कारण विचारले तर 'तहानच नाही' म्हणतात. त्यांच्या पिढीतील असंख्य स्त्रियांनी सारे आयुष्य असेच तहानलेल्या तोंडाने प्रवास केले, आणि आम्हां पुरुषांना त्याचे कारण कधी विचारावेसेही वाटले नाही. आगगाडीत सोय असते हे खरे. परंतु डब्याची उंच पायरी आणि फलाटावरचे जिने आता त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नाहीत. तेव्हा शौचकूपच बरोबर घेऊन जाणारे हे वाहन आम्हांस देवदूतासारखे वाटले, यात नवल ते काय?

पुढे नकाशा पसरला, आणि अडचणी दिसू लागल्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या कर्नाटकात दर चौरस किलोमीटरला ३१९ माणसे राहतात, महाराष्ट्रात ३६५, केरळात ८६०. आकडा डोळ्यांपुढे आणावयाचा तर असा विचार करावा : आपल्याकडे एक गाव संपले की शिवार लागते, मग माळ, मग दुसऱ्या गावाची वेस. दुपारी चिंचेच्या झाडाखाली गाडी सोडून शिदोरी उघडावी, कोणी हटकत नाही. केरळच्या किनारपट्टीत गाव संपतच नाही. प्रत्येक घर आपल्या माडा-फणसाच्या परसात स्वतंत्र उभे, आणि एका परसाचा गडगा संपतो तेथे दुसऱ्याचा सुरू होतो. मोकळी दिसणारी जागा ही कोणाची तरी वाडी असते, नाही तर भाताचे खाचर.

रस्त्यालाही या दाटीने सोडलेले नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी अन्यत्र साधारणपणे साठ मीटर रुंदीची जमीन घेतात. केरळात ती पंचेचाळीस मीटरांवर आणावी लागली, आणि तीस मीटरांतच भागवा अशीही मागणी काही वर्षे जोरात होती. घरे, दुकाने, देवळे, मशिदी, चर्च हटवावयाची तरी किती? पनवेलहून कन्याकुमारीला जाणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग केरळात रुंद करताना हाच पेच पडला. मे २०२५ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाड येथे खाचरांवरून नेलेला नव्या रस्त्याचा भाग खचला, तेव्हा त्या भूमीवर रस्ता करणे किती बिकट आहे हे सर्वांना दिसले. तिकडून जाऊन-येऊन असणारे ड्रायव्हर सांगतात, मोठी गाडी असेल तर तासाला तीस-पस्तीस किलोमीटरच धरा. आम्ही तेच प्रमाण धरले आहे.

परंतु खरी अडचण रस्त्याची नव्हेच. ती ध्यानात आणून दिली मातोश्रींनी. एके रात्री आम्ही जेवताना त्यांना मोठ्या उत्साहाने गाडीची रचना समजावून देत होतो. सारे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, हे सगळे ठीक. पण त्या टाकीत जे साठेल ते नेऊन टाकायचे कुठे?"

आम्ही म्हणालो, "आई, होईल काहीतरी सोय."

"काहीतरी म्हणजे? तिकडे घरोघरी विहिरी असतात असे तूच सांगितलेस ना? आपल्या परसातल्या आडाजवळ परक्या माणसाने रात्री अशी गाडी आणून लावली असती, तर तुझ्या आजोबांनी काय केले असते? माझी सोय व्हावी म्हणून दुसऱ्याचे पाणी नासणार असेल तर मी आपली घरीच बरी."

त्या बोलल्या त्यात एक अक्षर चुकीचे नव्हते. केरळात उघड्या विहिरींची दाटी जगात क्वचितच आढळेल इतकी आहे. बहुतेक घराच्या परसात आपली विहीर असते आणि पिण्याचे पाणी तीतूनच शेंदतात. अशा भूमीत फिरत्या घराचा मैला ओढ्यात वा खाचरात सोडणे म्हणजे कोणाच्या तरी पोहऱ्यात सोडण्यासारखेच. केरळचे स्वतःचे फिरते घर पाण्यावरचे. काथ्याने फळ्या शिवून, खिळा न मारता बांधलेली 'केट्टुवळ्ळम' ही होडी पूर्वी भात वाहून नेई. पुढे तिच्यावर खोल्या चढल्या आणि ती प्रवाशांची हाऊसबोट झाली. आज या होड्यांच्या सांडपाण्यामुळे वेंबनाड सरोवराचीही काळजी वाहावी लागत आहे. पाणी वाहते म्हणून घाण वाहून जाते हा समज दाट वस्तीत टिकत नाही. ती शेजाऱ्याकडे जाते एवढेच.

तेव्हापासून आम्ही आखणीची रीतच पालटली. प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवली, आणि जेथे टाकी रीतसर रिकामी करता येईल अशा जागा शोधू लागलो. सरकारी धोरणाप्रमाणे कॅरव्हान तळाला किमान पन्नास सेंट, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे, जमीन लागते. किनाऱ्यावर इतकी जमीन केवळ गाड्या उभ्या करण्यासाठी कोण मोकळी ठेवील? म्हणून आम्ही अंगण असलेल्या साध्या अतिथिगृहांना दूरध्वनी केले. तीनच प्रश्न विचारले : सात मीटरांची गाडी फाटकातून आत येईल काय? आमची टाकी आपल्या सेप्टिक टाकीत रिती करू द्याल काय? आणि ड्रायव्हरला निजावयास खोली मिळेल काय? दिवसभर गाडी हाकणाऱ्याने रात्री स्टिअरिंगवर डोके टेकून पडावे, हे आमच्या सौभाग्यवतींना मान्य नाही. आणि त्या रास्तच बोलतात.

मुक्काम ठरले ते असे : बेकल, कण्णूर, कोळिक्कोड, गुरुवायूर, कालडी, आलप्पुळा, कोल्लम आणि शेवटी तिरुवनंतपुरम. दोन मुक्कामांत शंभर किलोमीटरांच्या आसपास अंतर. सकाळी सहाला निघावयाचे, अकराच्या आत पोचावयाचे. जुन्या वस्तीतील बोळांत गाडी न्यावयाची नाही, तेथे ऑटोरिक्षा. बेकलचा किल्ला केळदीच्या शिवप्पा नायकाने बांधला. त्याच घराण्यातील राणी चेन्नम्मेने १६८९ साली जिंजीकडे निघालेल्या छत्रपती राजारामांना आश्रय दिला. तेव्हा पहिलाच मुक्काम ओळखीच्या अंगणात आहे असे म्हणावयास हरकत नाही. आलप्पुळ्याला २०२१ साली खुला झालेला बाह्यमार्ग समुद्रालगत उंचावरून जातो; वाळू न तुडवता मातोश्रींना आसनावरूनच समुद्र दिसेल.

काळ ठरविणेही सोपे नव्हते. मे महिन्यात उकाडा, जूनपासून पाऊस. नोव्हेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत शबरीमलेच्या यात्रेकरूंची रीघ, आणि त्यानंतर आमच्या शाळेत दहावीच्या परीक्षेची घाई. राहता राहिला ऑक्टोबर. त्या महिन्यात तिकडे परतीचा पाऊस असतो. पण तो बहुधा दुपारनंतर गडगडत येतो, आणि आमची गाडी तोवर मुक्कामी लागलेली असेल. घरातले घट उठले की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघावे, उरलेल्या सुटीला रजा जोडावी, असे ठरले आहे.

तिरुवनंतपुरमला अनंतशयनाचे दर्शन तीन दारांतून घ्यावे लागते. ते मातोश्रींचे. आमचेही एक दर्शन तेथे आहे. सचिवालयासमोर सर टी. माधवराव यांचा पुतळा आहे. त्यावरून त्या चौकालाच 'स्टॅच्यू' म्हणतात. तंजावरच्या मराठी घराण्यातला हा पुरुष त्रावणकोरचा दिवाण झाला, पुढे इंदूरचा आणि मग बडोद्याचा. या मासिकाच्या इंदूर-बडोद्याच्या वाचकांना त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. परमुलखात जाऊन तेथल्या लोकांना आपले वाटावे असे राहणे त्यांना साधले. आम्ही तर आठ रात्रींचे पाहुणे. आमच्यामागे कोणाच्या विहिरीला वास येऊ नये, एवढे साधले तरी पुष्कळ.

आठांपैकी सात मुक्कामांचा होकार आला आहे. कोल्लमचा तेवढा अडला आहे : दोन ठिकाणी फाटक अरुंद निघाले, तिसऱ्याने टाकीचे नाव काढताच दूरध्वनी ठेवला. वाचकांपैकी कोणाच्या माहितीत तेथे रुंद फाटकाचे, अंगणाचे घर असल्यास कृपया संपादकांकडे कळवावे. मातोश्रींनी आपली पितळी फिरकीची तांब्याएवढी बाटली घासूनपुसून ठेवली आहे, आणि ती वाटेत भरून घ्यावयाची असे बजावूनही ठेवले आहे.