चाकोरी

आमच्या मराठीच्या तासाला ‘चाकोरीबाहेरचे साहित्य’ हा शब्दप्रयोग वरचेवर कानी पडतो. उत्तरपत्रिकेत मीही तो सढळ हाताने वापरला आहे. पण चाकोरी म्हणजे नक्की काय, हे मला गेल्या ज्येष्ठात कळले, आणि तेही हनुवटीला तीन टाके पडल्यावर!

आठवीत असताना शाळेतून आम्हा मुलींना सायकली मिळाल्या. तेव्हापासून गाव ते राळेगाव, जाऊन-येऊन दहा किलोमीटर, हा माझा नेम. करोनाचे वर्ष वजा करून हिशेब मांडला तर १०,००० किलोमीटर होतात. आमच्या तालुक्यातल्या वडकीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट कन्याकुमारीला पोचतो. म्हणजे एवढ्यात मी दोनदा तिकडे जाऊन आले असते आणि तरी अंतर उरले असते! मागून ट्रकचा हॉर्न वाजला की किती सरकायचे, समोरून वारा असला की मान कशी खाली घालायची, उतारावर पाय न हलवता कुठवर जाता येते, हे सारे अंगात मुरले होते. वर्गातली मुलेही माझ्याशी शर्यत लावीत नसत. (संबंधितांनी राग मानू नये.)

मात्र या कर्तबगारीला एक कुंपण होते. डांबर सोडायचे नाही.

हा नियम मायने २०१८ साली घातला. मी तेव्हा सातवीत, बारा वर्षांची. त्या साली आमच्या भागात टी-१ वाघिणीचा शोध चालू होता. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले होते. जंगलात हत्ती आणले, कॅमेरे लावले; अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री ती याच तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात गोळीने मेली. ‘अवनी’ हे तिचे नाव आम्हाला पेपरातून कळले. आमच्याकडे ती नुसती ‘वाघीण’. शहरात तिच्यासाठी मोर्चे निघाले तेव्हा आमच्याकडे बायका चार-चार जणींचा घोळका करून वावरात जात होत्या. कोणाचे दुःख खरे, हे मी ठरवू शकत नाही. वाघीण गेली, नियम राहिला. वाघ तरी जिल्ह्यातून कुठे गेलेत? टिपेश्वर आमच्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा आमचे वावर सात वर्षांत मी फक्त बंडीत बसून, सणावाराला पाहिले होते.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या मामेभावाला पुण्यात नोकरी लागली आणि त्याची माउंटन बाईक माझ्या वाट्याला आली. जाड, खवल्याखवल्यांचे टायर, पुढच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बर, सात-सात गिअर. मला वाटले, आता काय, उडायचेच! पण डांबरावर ती नुसती घुंई घुंई आवाज करी. आठवीतली एक पोरगी शाळेच्या सायकलवर मला मागे टाकून गेली. दादाला फोन केला तर तो हसला आणि म्हणाला, “अगं, ही डांबरासाठी नाहीच.”

मग एका सकाळी मी गुपचूप पांदणीला लागले. पहिला पाऊस पडून उघडीप झाली होती. ओल्या काळ्या मातीत बंड्यांच्या चाकांनी पडलेले खोल चर उन्हाने वाळून लोखंड झाले होते. तीच चाकोरी! पुढचे चाक तिच्यात उतरले. रस्त्यावरच्या सवयीने मी हँडल वळवून बाहेर निघू पाहिले, घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि थेट हनुवटीवर आले.

मायला सांगितले, राळेगावच्या रस्त्यावर गिट्टीवरून घसरले. दवाखान्यात नेण्याआधी तिने जखम धुतली. पाण्यात काळी माती उतरत होती. डांबरी रस्त्यावर काळी माती कुठून येणार? ती काही बोलली नाही. हे न बोलणे मला टाक्यांपेक्षा जास्त दुखले.

बाबांना कळलेच होते. बाबा त्याच पांदणीने तीस वर्षे बावीस इंची सायकल नेतात, मागे खताची गोणी किंवा चाऱ्याचा भारा. त्या खडखडणाऱ्या सायकलची मला कॉलेजसमोर लाज वाटे, हे इथे कबूल करते. ते म्हणाले, “चाकाकडे काय पाहून राह्यली? जिथं जायचं तिथं पाह्य. चाक येते मांगून.” चाकोरीत सापडलो तर भांडायचे नाही, ती उथळ होईल तिथून निघायचे. खडकाळ उतारावर बुड उचलून मागे सरकायचे, दोन्ही पायडल सारखे ठेवायचे. मुरमावर पुढचा ब्रेक जपून. टायरात हवा थोडी कमी, म्हणजे पकड येते. आणि चिखल चाकात भरला की मुकाट्याने उतरून काडीने काढायचा. काळ्या मातीपुढे गिअर चालत नाहीत.

पुढे मोबाईलवर वाचले की या खेळाची सुरुवातही अशीच झाली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस डोंगरावर काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन उतरू लागले. गंमत म्हणजे त्यांतले काही मूळचे डांबरी रस्त्यावरचे शर्यतपटू! त्यांच्या १९७६ सालच्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’, कारण एका उतारात मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९७७ साली जो ब्रीझने डोंगरासाठीच मुद्दाम सायकल बनवली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ गेला. बाबांना हे सांगितले. ते म्हणाले, “मंग त्यायनं गोणी नाही बांधली का मांगं?”

पावसाळाभर मी बाबांच्या मागोमाग जात राहिले, ऊन वर आल्यावर, घंटी वाजवत. पडले पुष्कळदा, पण टाके पडले नाहीत. नाला पार करायला मात्र महिना लागला. मायसमोर विषय निघत नसे. सायकल धुऊनच मी अंगणात आणी.

दसरा झाला, कापूस फुटला. बाबा पहाटेच वावरात गेले होते. माय वेच्याला निघायच्या आधी भाकरी बांधत होती. गाठोडे माझ्या हातात देऊन म्हणाली, “तू होय पुढं. आम्ही बाया येतो मांगून.”

मी ते हँडलला अडकवायला गेले.

“तिथं नोको,” ती म्हणाली, “नाल्यात तोल जाईन. पाठीले बांध.”