गंगेच्या पाठीवर एक दिवस

दिल्लीस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचा पाहुणचार काही ठरावीक वाटांनीच जात असतो. पहिल्या दिवशी लाल किल्ला, दुसऱ्या दिवशी कुतुबमिनार, मग आग्रा, मथुरा-वृंदावन. आणि पाहुण्यांत कोणी वडीलधारे माणूस असेल तर हरिद्वार. अलीकडे ह्या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ऋषिकेशच्या वरच्या अंगास जावयाचे आणि रबरी तराफ्यात बसून गंगेच्या खळाळांतून खाली यावयाचे. ह्या प्रकाराला सारे जण 'राफ्टिंग' म्हणतात. पहाटे तीनला दिल्ली सोडली तर रात्रीच्या जेवणाला घरी परतता येते, म्हणून तरुण मंडळींना तो फार सोयीचा वाटतो.

दिल्लीलाही नदी आहे. मग एवढ्या दूर कशासाठी, असा प्रश्न महाराष्ट्रातून आलेला पाहुणा सहज विचारतो. त्याचे उत्तर वजीराबादच्या बंधाऱ्यावर उभे राहिले की मिळते. वजीराबादपासून ओखल्यापर्यंतचा यमुनेचा प्रवाह सुमारे २२ किलोमीटरांचा. एकूण १३७६ किलोमीटर लांबीच्या नदीचा हा दोन टक्क्यांहूनही लहान तुकडा. पण तिच्या प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा येथेच तिच्या पदरात पडतो. बंधाऱ्याच्या वरच बुराडी घाट आहे. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे जेथे पडले तोच हा घाट. मराठी माणूस तेथे नमस्कार करतो, पण पाण्यात हात घालण्याचे धैर्य त्याला होत नाही.

गेल्या दिवाळीत माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि पंधरा वर्षांची मुलगी साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. लक्ष्मीपूजनानंतर दिल्लीची हवा इतकी धुरकट झाली की भाचीला खोकला सुरू झाला. डोंगरात दोन मोकळे श्वास तरी मिळतील म्हणून आम्ही ऋषिकेशचा बेत केला. राफ्टिंगची मागणी भाचीची. तिच्या आईची त्याला संमती नव्हती, आणि स्पष्ट नकारही नव्हता. "तिथे जाऊन पाहू," एवढेच ती म्हणाली. सासूबाई हरिद्वारच्या ओढीने गाडीत बसल्या.

ऋषिकेश दिल्लीपासून सुमारे २४० किलोमीटर आहे. गाझियाबाद मागे पडले की मुरादनगरपाशी गंगेच्या कालव्याची गाठ पडते. पुढे रुडकीपर्यंत हा कालवा कधी रस्त्याजवळ येतो, कधी उसाच्या फडांआड जातो. प्रॉबी कॉटले ह्या अभियंत्याने आखलेला हा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला. रुडकीजवळ सोलानी नदी आडवी आली, तेव्हा तिच्यावर पूल बांधून त्यावरून सारा कालवाच पलीकडे नेला. ह्या कामासाठी शिकलेली माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीस अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले.

मुझफ्फरनगरच्या गुळाचा वास गाडीत शिरला तेव्हा बहिणीच्या यजमानांनी शुक्रतालची आठवण काढली. ते इतिहासाचे शिक्षक आहेत. शुक्रताल ह्याच जिल्ह्यात, गंगेच्या काठी. १७५९ मध्ये दत्ताजी शिंदे तेथे अडकून पडले, कारण गंगेवर नावांचा पूल बांधून देतो असे नजीबखानाने कबूल केले आणि पावसाळा सरला तरी तो बांधला नाही. पुढे १७७२ मध्ये महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या फौजांनी उतार शोधून हीच गंगा ओलांडली. "पाणी तेच, नदी तीच," ते म्हणाले, "उतार ठाऊक असलेला माणूस बरोबर होता की नव्हता, एवढाच फरक." हे वाक्य त्या दिवशी आम्हांला पुन्हा पुन्हा आठवावयाचे होते.

हरिद्वारला कुशावर्त घाटावर सासूबाईंनी स्नान केले. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्ताशी नाव जुळणारा हा घाट अहल्याबाई होळकरांनी बांधविला. सासूबाई व माझे यजमान तेथेच थांबले. आम्ही चौघे ऋषिकेश ओलांडून बद्रीनाथच्या रस्त्याने शिवपुरीकडे निघालो.

रस्त्याच्या दुतर्फा तराफेवाल्यांची दुकाने आहेत. पहिल्या दुकानात भाव फार कमी होता. परंतु तेथील शिरस्त्राणांचे पट्टे तुटलेले होते, आणि आठांच्या तराफ्यात दहा जणांना बसवावयाची तयारी होती. बहीण काही न बोलता उठली व आम्हीही तिच्यामागून उठलो. दुसऱ्या ठिकाणी दर थोडा अधिक होता. तेथे परवाना भिंतीवर लावलेला होता. प्रत्येकाचे वय, आजार आणि पोहता येते की नाही हे लिहून घेतले. चौदा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, असे आरंभीच सांगितले. आमचा मार्गदर्शक टिहरी जिल्ह्यातील एक तिशीचा तरुण होता. त्याने भाचीच्या लाइफ जॅकेटचे खांदे धरून तिला जमिनीपासून वर उचलून पाहिले. जॅकेट वर सरकले, तेव्हा त्याने सारे पट्टे पुन्हा आवळले. बहिणीच्या चेहऱ्यावरील ताण मला वाटते त्याच क्षणी थोडा उतरला.

पाण्यात उतरण्यापूर्वी त्याने आम्हांला वाळूवर बसवून अर्धा तास शिकवले. वल्ह्याच्या टोकाची मूठ तळव्याने सदैव झाकलेली असावी. ती मोकळी राहिली तर शेजाऱ्याचे दात जातात. पाय तराफ्याच्या आडव्या फुगीर पट्ट्याखाली रोवावेत. कोणी पाण्यात पडलाच तर त्याने उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि उभे राहण्याचा यत्न मुळीच करू नये, कारण दगडांच्या फटीत पाऊल अडकले की प्रवाह माणसाला खाली दाबतो. शेवटी तो हिंदीत म्हणाला, "दीदी, घाबरलात तरी चालेल, पण वल्हवायचे थांबू नका. वल्हे चालते तोवर नाव माझ्या हातात असते. ते थांबले की ती नदीच्या हातात जाते."

शिवपुरीपासून ऋषिकेशपर्यंतचा जलमार्ग सुमारे १६ किलोमीटरांचा आहे. खळाळांची प्रतवारी एकपासून सहापर्यंत करतात. सहावी प्रत म्हणजे जवळजवळ अशक्य पाणी. ह्या टप्प्यावर बहुतेक खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे आहेत, आणि पाणी वाढले की त्यांचा जोरही वाढतो. त्यांची नावे मात्र गंगेला न शोभणारी, 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स', 'क्लब हाउस' अशी.

खळाळ होतो कसा, हे भाचीने विचारले आणि मार्गदर्शकाने ते नदीवरच दाखविले. डोंगरातून एखादा ओढा पावसाळ्यात मोठमोठे धोंडे आणून नदीत टाकतो. पात्र तेथे अरुंद होते, तळाला पायरी पडते. तेवढेच पाणी थोड्या जागेतून जावयाचे म्हणून ते वेग घेते, धोंड्यांवर आपटते आणि पांढरे होते. खळाळाच्या तोंडाशी गुळगुळीत पाण्याची एक जीभ खाली निमुळती होत गेलेली दिसते, ती वाट. उलट, जेथे पाण्याची टोकदार रेघ वरच्या बाजूला वळलेली दिसते तेथे खाली खडक दडलेला असतो. ही अक्षरे एकदा ओळखता आली की नदी वाचता येऊ लागते.

'रोलर कोस्टर'च्या तोंडाशी तराफा क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि लगेच पुढचे टोक खाली गेले. समोर पाण्याची भिंत उभी राहिली. बर्फाचे वितळलेले पाणी अंगावर आदळले तेव्हा श्वासच थांबला. कानांत फक्त मागून येणारा आवाज होता, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" दुसऱ्या लाटेने बहिणीच्या यजमानांना जागेवरून उचलले. ते बाहेर झुकले, आणि माझ्या भाचीने त्यांच्या जॅकेटचा खांदा पकडून आत ओढले. हे तिला वाळूवर अर्ध्या तासापूर्वीच शिकविले होते. तिसऱ्या लाटेनंतर आम्ही एका हिरव्यागार डोहात आलो. कोणीच काही बोलले नाही. मग बहीण मोठ्याने हसली आणि तिने वल्हे उंच केले. तिच्या मनातील अर्धवट संमती पूर्ण झाली होती.

डोहात तराफा संथपणे वाहत होता. मार्गदर्शक आपल्या धंद्याविषयी सांगू लागला. जुलै-ऑगस्टमध्ये नदी गढूळ व उग्र होते, तेव्हा राफ्टिंग बंद असते. त्या दोन महिन्यांत तो गावी शेत पाहतो. त्याच्या गावची निम्मी घरे कुलूपबंद आहेत. तरुण माणसे दिल्ली-नोएडाला गेली आहेत. "ही नदी होती म्हणून मी राहिलो," असे तो म्हणाला. आपल्या एका दिवसाच्या करमणुकीवर कोणाचे तरी घर उघडे राहते, ही जाणीव सोबत घेऊन परतावे असे मला वाटले.

ह्या खेळाला नियमांची आवश्यकता का आहे, हेही येथेच कळते. उत्तराखंड शासनाने २०१४ मध्ये राफ्टिंगचे नियम केले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने गंगेच्या वाळवंटातील तंबूंवर कडक निर्बंध घातले, कारण मुक्कामाचा कचरा व सांडपाणी नदीतच जात होते. जून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने योग्य नियमन होईपर्यंत राफ्टिंग थांबविण्याचा आदेश दिला होता. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेला अकस्मात लोंढा आला, तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर खाली असलेल्या ऋषिकेशलाही तराफे तातडीने थांबवावे लागले. शिवाय वरच्या बाजूस टिहरीचे २६० मीटर उंचीचे धरण आहे. वीज निर्माण करण्यासाठी तेथून पाणी सुटते, त्याप्रमाणे खालची पातळी चढते-उतरते. तेव्हा काठावर बसून पाय बुडविणाऱ्यानेही सावध असावे. कुटुंबासह जाणाऱ्यांनी परवाना, जॅकेट, शिरस्त्राण आणि तराफ्यातील माणसांची संख्या ह्या चार गोष्टी स्वतः पाहाव्यात; सोबत एकट्याच्या चिंचोळ्या होडीत बसलेला बचाव करणारा माणूस आहे की नाही हेही विचारावे. पैशांची घासाघीस ह्या चार गोष्टींनंतर करावी.

ज्यांना उत्तरेस येणे शक्य नाही त्यांनी खंत करू नये. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर असाच सुमारे १२ किलोमीटरांचा जलमार्ग आहे. त्याची गंमत अशी की कोकणातील नद्या उन्हाळ्यात सुकतात तेव्हाही तो वाहता असतो. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथील वीजघरात उतरते आणि तेथून कुंडलिकेत सोडले जाते. त्या पाण्यावर सकाळी तराफे निघतात. ज्या मुळशीसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याच मुळशीचे हे पाणी. बुडालेल्या गावांची आठवण ठेवूनच त्या प्रवाहावर बसावे. गंगा असो वा कुंडलिका, सुटीत आपण जिच्यावर तरंगतो ती कामाला जुंपलेली नदी असते. तिने दिवे लावून, शेते भिजवून उरलेल्या वेळात आपल्याला खेळविलेले असते.

दुपारी आम्ही लक्ष्मणझुल्याखालून गेलो. १९२४ च्या पुरात जुना पूल वाहून गेल्यावर १९३० च्या सुमारास बांधलेला हा झुलता पूल २०१९ मध्ये वाहतुकीस बंद झाला. पूल बांधणाऱ्याचे आयुष्य संपते, पुलाचेही संपते. नदी मात्र खालून वाहत असते. पुढे काठावर उतरलो तेव्हा हातांना फोड आले होते आणि भाचीचा खोकला कोणाच्याही लक्षात नव्हता.

ज्या पाण्याने आम्हांला भिजविले त्याचा पुढचा प्रवास ध्यानात घेण्याजोगा आहे. हरिद्वारला भीमगोड्यापाशी त्याचा एक भाग कालव्यात शिरतो, सोलानीवरून पलीकडे जातो, ऊस भिजवीत मुरादनगरला येतो. तेथून भूमिगत नळाने तो दिल्लीतील सोनिया विहारच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचतो. ह्या केंद्राची क्षमता दिवसाला १४ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ६३ कोटी लिटर आहे. राजधानीतील लाखो घरांची तहान त्यावर भागते. ऋषिकेशच्या वाळूवर कोणी टाकलेली पिशवी किंवा सोडलेले सांडपाणी हे अशा रीतीने कोणाच्या तरी माठाच्या वाटेवर असते. तराफ्यातून उतरताना आमच्या मार्गदर्शकाने खडकांत अडकलेल्या दोन रिकाम्या बाटल्या उचलून आपल्या पिशवीत टाकल्या. त्याने त्याविषयी काही भाष्य केले नाही. भाचीने मात्र ते पाहिले, आणि तिसरी बाटली तिने उचलली.