शिल्पपट्ट आणि वीरगळ

गोंदियासारख्या ठिकाणी पदव्युत्तर वर्गात ॲरिस्टॉटल शिकवला जातो, तेव्हा ग्रीक मंदिरांवरील युद्धशिल्पे विद्यार्थ्याला भेटतात ती पुस्तकातल्या धूसर छायाचित्रांतून. संघर्ष हा कथनाचा प्राण, हे सूत्र मात्र मनात पक्के बसते. (ॲरिस्टॉटलने ते या शब्दांत मांडलेलेही नाही.) पुढे मराठी परंपरेतील कथनाला हेच माप लावले जाते आणि ते उणे ठरते.

बासाय येथील अपोलोच्या मंदिरातील शिल्पपट्ट या संदर्भात पाहण्याजोगा आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचा हा पट्ट मंदिराच्या आत चारही बाजूंनी फिरत होता. त्याच्या २३ शिळा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काहींवर ग्रीक आणि ॲमेझॉन स्त्रिया, काहींवर लॅपिथ आणि अश्वमानव झुंजताना दिसतात. या शिळांचा मूळ क्रम कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तसे ते होणे अवघडच, कारण झुंज सर्वत्र तीच आहे. शत्रूही सर्वत्र समोर आहे, तितकाच देखणा. त्याच्यावाचून पट्ट उभाच राहत नाही.

महाराष्ट्रातील युद्धशिल्प प्रामुख्याने वीरगळावर आढळते, आणि त्याची घडण निराळी आहे. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगांसह युद्धनौका कोरल्या आहेत. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातील इ. स. १२६५च्या सुमाराचे हे युद्ध असावे, असे अनेकांनी मानले. ते सर्वमान्य नाही. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी लढाई आणि मृत्यू, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, माथ्याशी शिवलिंगाची पूजा, चंद्र आणि सूर्य. येथे क्रम बदलता येत नाही. शत्रू मात्र तळाच्या चौकटींतच राहतो. कथन त्याला मागे टाकून पुढे जाते, आणि संघर्ष संपल्यावरही ते संपत नाही. याला उणीव म्हणणे म्हणजे उभ्या रचनेला आडवे मोजणे होय.

सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे हेमाद्रीची राजप्रशस्ती सांगते. तेथे जेता आणि पराजित दोघांनाही नावे आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेखच नाही. कित्येक गावांत त्यांना शेंदूर लावलेला असतो, आणि लढाईची चौकट मातीत गाडली गेलेली असते.