झडप कशाची, हे विचारावे

घरातील वडीलधाऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आपण खर्च विचारतो, धोका विचारतो, रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल हेही विचारतो. शरीरात जे बसवले जाणार, ते कशापासून बनले आहे, हे मात्र क्वचितच विचारतो. आमच्या घरी हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विचारला. त्यांचे वय तेव्हा 71 होते.

महाधमनीची झडप अरुंद झाली होती. यांत्रिक झडप फार टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. जैविक झडप साधारण 10 ते 15 वर्षे चालते आणि तिला ती गोळी बहुधा दीर्घकाळ लागत नाही. म्हणून उतारवयात बहुतेकदा तीच सुचवली जाते. ही झडप डुकराच्या हृदयातली तरी असते किंवा गोवंशाच्या हृदयावरणापासून शिवलेली. एवढे ऐकून अब्बा गप्प झाले.

आम्ही कोकणी मुसलमान, शाफिई परंपरेचे. त्या परंपरेतील तेराव्या शतकातले थोर विद्वान इमाम नववी यांनी ‘मिन्हाज’मध्ये मोडलेले हाड सांधण्याचा प्रश्न घेतला आहे. शुद्ध वस्तू मिळत नसेल आणि गरजेपोटी अशुद्ध हाडाने सांधले, तर तो माणूस क्षम्य ठरतो. आठवा, सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट! मौलानासाहेबांनी हा दाखला सांगितला, तेव्हा अब्बांच्या चेहऱ्यावरचा ताण प्रथमच सैल झाला. परंतु मौलानांनी लगेच पुढचे सांगितले. ही सवलत शुद्ध पर्याय नसतानाची. दुसरा पर्याय हाताशी असेल, तर निकड कुठे उरली?

‘इस्तिहाला’, म्हणजे पदार्थाचे मूळ स्वरूपच पालटणे, हा दुसरा विचार. द्राक्षाच्या मद्याचा शिर्का झाला की तो शुद्ध मानतात. 1995 मध्ये कुवेतला इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिसंवादात विद्वानांनी याच न्यायाने अशुद्ध प्राण्याच्या हाडा-कातड्यापासून बनलेले जिलेटिन शुद्ध मानले. हनफी व मालिकी हे तत्त्व बरेच ताणतात, शाफिई थोडक्यातच ठेवतात. मला स्वतःला वाटते, झडपेला ते लागू करणे ओढूनताणून होईल. जिलेटिन विरघळते, झडप झडपच राहते. गंमत अशी, की या झडपा ज्या ग्लुटाराल्डिहाइडने पक्क्या करतात, तेच रसायन कातडी कमावण्यासाठीही वापरतात. शाफिई मते कमावल्याने मेलेल्या जनावराचे कातडे शुद्ध होते, मात्र कुत्रा व डुक्कर यांचे नाही. अब्बांनी गोवंशाच्या हृदयावरणाची झडप निवडली. (आमच्या शेजारच्या हिंदू कुटुंबाला नेमकी तीच अडचणीची वाटली असती, प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही.)

आता संशोधक रुग्णाच्याच पेशी सच्छिद्र सांगाड्यावर वाढवून ऊती घडवू पाहतात. धर्मशास्त्राला यात मूळचा आक्षेप फारसा नाही. स्वतःच्या शरीराचा भाग शरीरात अन्यत्र लावणे, हानीपेक्षा लाभ अधिक असेल तर, जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1988 मध्येच मान्य केले. भ्रूणपेशींचा मुद्दा नाजूक. अनेक विद्वानांच्या मते गर्भात आत्मा 120 दिवसांनी येतो, तरीही त्याआधीच्या भ्रूणाला ते मोल देतातच. मक्केच्या फिक्ह परिषदेने 2003 मध्ये नाळेतील रक्त आणि वंध्यत्वोपचारात उरलेले, दान केलेले भ्रूण यांतील मूळपेशींना परवानगी दिली. संशोधनासाठी मुद्दाम भ्रूण निर्माण करणे नाकारले. इराणमध्ये तेहरानच्या रोयान संस्थेने त्याच सुमारास भ्रूणीय मूळपेशींचे वाण तयार केले.

बारकावा पुढेच आहे. पेशी स्वतःच्या असल्या, तरी त्या प्रयोगशाळेत सुट्या करण्यासाठी अनेकदा डुकराच्या स्वादुपिंडातील ट्रिप्सिन वापरतात आणि वासराच्या गर्भाच्या रक्तद्रवात त्या वाढवतात. वनस्पतिज व पुनर्योजित पर्याय उपलब्ध आहेत, पण महाग पडतात.

मधुमेहाच्या जखमेवरील कोलॅजनची पट्टी, हर्नियाची जैविक जाळी, दातांच्या शस्त्रक्रियेतील हाडाची भुकटी, या साऱ्यांचेही असेच आहे. वेष्टनावर उगम बहुधा लिहिलेला असतो. नसेल तर डॉक्टरांना तारीख ठरण्यापूर्वी विचारावे, कारण दुसऱ्या प्रकारची झडप वा जाळी मागवायला काही दिवस लागतात, आणि भूल देण्याच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला निवड करता येत नाही.