बहिर्जीचे पाय

१९ फेब्रुवारीला आमच्या आनंदनगरात मिरवणूक निघाली. पुढं घोड्यावर महाराज, मागं मावळे, आणि सगळ्यात शेवटी फाटकी कफनी घातलेलं एक पोरगं. हातात कटोरा. म्हटलं, तू कोण रे? म्हणालं, बहिर्जी नाईक.

मी रातपाळी करून आलेलो. रंगखात्याची वाफ अजून डोळ्यात. तरी झोप येईना.

बहिर्जीचं लिहिलेलं हुडकायला बसलं तर चिमूटभर हाताला लागतं. सभासदानं १६९७ साली बखर लिहिली, तीत तो आहे. सुरतेवर पाळत ठेवून आला आणि तिथं अमाप पैसा आहे ही खबर त्यानं राजाला दिली. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली. १६७९ साली जालना लुटून परतताना मोगल फौज आडवी आली. तवा ह्यानं आडवाटेनं, तीन दिवस तीन रात्री चालवत, राजाला पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. किल्ल्याचं नाव पडलं विश्रामगड. विश्रांती राजाची. वाटाड्या त्या रात्री कुठं निजला, कुणी लिहिलं नाही.

बाकी सगळी दंतकथा. पाखरांची बोली यायची, हजारो हेर हाताखाली होते, वेष असा की खुद्द महाराजांनी ओळखू नये. बानूरगडावर समाधी दाखवतात. मला ह्या कथांचा राग नाही. ज्याच्या वाट्याला दोन ओळी आल्या त्याला लोकांनी तोंडानं मोठा केला, बरं केलं.

राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. रामोशी समाज बहिर्जीला आपला मानतो. आणि १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यात आला, त्यात हेच रामोशी. रात्रीचं चालणं, आडवाटा ठाऊक असणं, वेष पालटणं. राजासाठी केलं तर हेरगिरी, पोटासाठी केलं तर जन्मजात गुन्हा. पाय तेच की! कायदा १९५२ ला गेला. समाज विमुक्त झाला म्हणे.

माझा पणजोबाही चालायचा. महारवतनातला येसकर. मयताचा सांगावा घेऊन रातोरात दुसऱ्या गावाला, सरकारी खजिन्यासंगं तालुक्याला. मोबदला शिळी भाकर. ह्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतन सुटायला १९५९ उजाडलं. पणजोबाची दंतकथा नाही. त्याला पाखरांची बोली येत होती असं कुणी म्हटलं नाही. त्याच्या टाचांना भेगा होत्या एवढंच आजी सांगायची.

तर ते पोरगं. ते माझ्या शेजारच्या मशिनवरच्या गड्याचं निघालं. गडी रामोशी. मागं एकदा पहाटे पाळी सुटल्यावर रस्त्यात अडवून त्याचा डबासुद्धा उघडून बघितला होता. वर हसत म्हणाला, भाजी संपली होती, साहेबाला काय देणार?

पोराची कफनी त्यानं मिलीतल्या डागी कापडाच्या तुकड्यातून शिवलेली. तुकडा बाहेर काढायला सुपरवायझरची सही घेऊन गेटपास केला. मिरवणूक झाली, कफनी धुऊन वाळतसुद्धा घातली. गेटपास मात्र त्यानं अजून खिशातच ठेवलाय.